चलता नंबर

म्हापशात जमिनीला नंबर असतो, त्याला चलता म्हणतात.
जमीन जागची हलत नाही. नंबर चालतो:
मार्सेलिनाबाईकडून तिच्या पुतण्याकडे,
पुतण्याकडून मोंबासाला, तिथून स्विंडनला,
आणि काल दुपारी, जेवून मी आडवा होणार इतक्यात,
माझ्या टेबलावर.

पानाला तीनशे घेतो मी.
जुने पोर्तुगीज दस्त वाचणारे या गावात आता तिघेच.
पिएदाद टीचर पैसे घेत नाही, म्हणून तिच्यावर कुणाचा विश्वास नाही.
कामतीचे डोळे गेले होते,
गेल्या वर्षी बांबोळीपलीकडच्या महागड्या दवाखान्यातून
परत आले.

वकील पोरसवदा, बुटांना लाल माती नाही.
अंकल, चतुःसीमा आणि तारीख, बस.
खोर्लीचे भाट. साल एकोणीसशे चार.
पूर्वेस सार्वजनिक वाट. पश्चिमेस व्हाळ.
दक्षिणेस कोमुनिदादीची पडीक जागा.
उत्तरेस एक फणस, आणि फणसापलीकडे
दुसऱ्या कुणाचे तरी वारस.

व्हाळाचे गटार झाले, गटारावर मोबाइलची दुकाने.
फणस मी पाहिलेला आहे,
त्याच्या बुंध्याला तेल्याचा बैल बांधलेला असायचा.
वारस मात्र अजून तिथेच,
दुसऱ्या कुणाचे तरी.

शाई तपकिरी. वाळवीने खाल्लेले काठ.
रुपये, तांगा, रेइस, सगळे आपापल्या जागी.
नोटरीची सही इतकी वळणदार
की लिसेवातली छडी तळहाताला आठवली.
मग मथळ्यावर नजर अडली.
एश्क्रितुरा.
शब्द एका अक्षराने हलका होता.

त्या काळी त्यात एक प असायचा.
लिहायचा, म्हणायचा नाही.
अकरा साली लिस्बनच्या नव्या सरकारने
अशी मुकी अक्षरे हुकूम काढून घालवली.
आमचे लोबातु मास्तर सांगायचे, त्यांचे आजोबा
मरेपर्यंत प घालत राहिले. म्हणायचे,
जेवायला बसतो आणि बोलत नाही,
म्हणून काय त्याला उठवायचे?

भिंग घेतले. शब्द तीनदा आला होता.
तिन्हीदा प नव्हता.
अकराला गेलेला माणूस
चारलाच कसा गेला?

ज्याने हे लिहिले तो शिकला आमच्याच बाकावर,
गाळलेल्या अक्षरांच्या शाळेत.
मोठ्या एफला खालून असा आकडा काढायची सवय
मला एकाचीच ठाऊक आहे.

त्या भाटात एक घर आहे, आनंदी च्यारीचे.
मापाला माणसे आली तेव्हा तिने त्यांना कोकमाचे पाणी दिले,
आणि त्यांच्या फितीचे एक टोक स्वतः धरून उभी राहिली.
जुन्या उताऱ्यात, इतर हक्क या रकान्यात,
तिच्या सासऱ्याचे नाव आहे, काना चुकलेले.
नव्या उताऱ्यात रकाना आहे.

रात्री भाषांतर पुरे केले. काहीच बदलले नाही.
फक्त खाली, बारीक अक्षरात, एक ओळ:
मूळ शब्दात प आढळत नाही.

हे काय, वकिलाने विचारले.
स्पेलिंग, मी म्हटले.
हे काढता येईल ना, अंकल?
काढलेलेच आहे, बाबा.
म्हणून तर दिसले.

तो हसला. सहाशे रुपये मोजून दिले,
कागद फाइलीत घातला, ओळीसकट.
ती ओळ कुणी वाचेल की नाही, सांगता येत नाही.
पिएदाद टीचरकडे मी एक प्रत देऊन आलो आहे.
तिने पैसे विचारले नाहीत.

शुक्रवारच्या बाजारात कामती भेटला.
चष्म्याशिवाय, उन्हात उकिडवा बसून,
हरमलच्या मिरच्या एकेक उलटून पाहत होता,
डाग असलेली बाजूला.
यंदा भाव फार, तो म्हणाला.
हो, मी म्हटले.